तपकिरीची जेड कुपी कशी पारखावी: आधी पोकळी, मग नक्षी

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही आपली म्हण जेडपुढे हात टेकते. जेडला टाकी लागूच पडत नाही. या दगडाच्या आत सूक्ष्म तंतू लोकरीच्या जाड नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो फुटायला तयार नसतो आणि पोलादाने कापलाही जात नाही. तो झिजवावा लागतो. सहाणेवर चंदन उगाळतात तसाच हा प्रकार, फक्त इथे उगाळायची असते ती गारगोटी, गार्नेट किंवा कुरुंदाची ओली वाळू. पायाने चालवायच्या लेथवर लोखंडी चकती फिरते, चकतीवर वाळूचं पाणी पडत राहतं आणि दगड कणाकणाने कमी होतो. या लेथला चिनी कारागीर 'श्वेईदंग' म्हणतात, म्हणजे पाण्याचा बाक. त्यामुळे 'जेडचं कोरीवकाम' हा शब्दप्रयोग आपण सवयीने करतो एवढंच. खरं तर ते झिजवकाम आहे.

मुठीत मावेल अशा पाच ते सात सेंटिमीटर उंचीच्या, तपकीर ठेवायच्या चिनी कुपीवर हे सगळं झालेलं असतं, आणि बाहेरून जेवढं झालं तेवढंच आतूनही झालेलं असतं. हातात कुपी आली की आपण ड्रॅगन बघतो, कमळ बघतो, वा म्हणतो. कारागिराची खरी कसोटी मात्र आत, न दिसणाऱ्या पोकळीत लागलेली असते. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे: आधी दगड, मग पोकळी, मग आकार आणि नक्षी सगळ्यांत शेवटी.

डबीऐवजी कुपी का?

तपकीर आपल्याला नवी नाही. एका रंगालाच आपण तिचं नाव दिलं आहे. पण आपल्याकडे आणि युरोपात तपकिरीला डबी असते, चीनमध्ये मात्र कुपी. सतराव्या शतकात युरोपीय पाद्री आणि व्यापाऱ्यांमार्फत तपकीर तिथे पोचली. १६८४ मध्ये सम्राट खांग्शी नानजिंगला आला असताना जेझुइट पाद्र्यांनी त्याला नजराणे दिले, त्यांतली तपकीर त्याने ठेवून घेतली अशी नोंद आहे. चिनी लोक औषधाची पूड आधीपासून छोट्या बाटल्यांत ठेवत. तपकिरीलाही ते डोकेदुखी आणि सर्दीवरचं औषधच मानत, तेव्हा तीही बाटलीत गेली. घट्ट बूच बसवलं की दमट हवेत तपकीर सादळत नाही, हा मोठाच फायदा. बुचाला खालून एक इवलासा चमचा जोडलेला असतो. त्याने चिमूटभर तपकीर काढायची, अंगठ्याच्या नखावर किंवा छोट्या बशीत घ्यायची आणि ओढायची. चिनीत तपकिरीला 'बी-येन' म्हणतात, म्हणजे नाकाचा धूर, आणि 'हू' म्हणजे कुपी. म्हणून हिचं नाव बी-येन-हू.

सुरुवातीच्या कुप्यांत काचेच्या पुष्कळ होत्या. जेडच्या कुप्यांचा बहर आला तो चिएनलुंग सम्राटाच्या काळात (१७३५ ते १७९६). त्याचं कारण राजकीय आहे. १७५९ पर्यंत त्याच्या चिंग राजघराण्याच्या फौजांनी आजचा शिनज्यांग प्रांत जिंकला, आणि तिथल्या खोतान भागातल्या नद्यांतलं जेड खंडणी म्हणून नियमितपणे बीजिंगला येऊ लागलं. त्याआधी हा दगड दुर्मीळ होता. 'उत्तम जेड कुपी' म्हणून जे दाखवलं जातं त्यातलं बरंचसं या पुरवठ्यानंतरचं आहे, हे तारखा तपासताना लक्षात असू द्या.

पहिली पायरी: हातात घेण्याआधी

टेबलावर जाड टॉवेल अंथरा. बोटांतल्या अंगठ्या काढा, विशेषतः हिऱ्याच्या, कारण हिरा जेडवर ओरखडा काढतो. जवळ असावं ते एवढंच: दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग, बारीक झोताची एलईडी टॉर्च, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा खिशातला काटा, काचेचा पेला, शिवणाचा दोरा आणि सुईशिवायची सिरिंज. सगळं मिळून फार खर्च होत नाही.

कुपी उचलण्याआधी बूच काढून बाजूला ठेवा. कुप्या फुटतात त्या बहुधा बुचाला धरून उचलल्यामुळे. जुना बुचाचा कॉर्क सुकून आकसलेला असतो, कुपी सुटते आणि फरशीवर आदळते. जेड चिवट असलं तरी तोंडाची पातळ कड टवकायला वेळ लागत नाही.

दुसरी पायरी: दगड कोणता?

'जेड' या एका नावाखाली दोन वेगळी खनिजं वावरतात. एक नेफ्राइट. हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा तंतुमय दगड, कठीणपणा मोहसच्या मोजपट्टीवर (हिरा १०) ६ ते ६.५, आणि चीनमध्ये हजारो वर्षं वापरात असलेला. दुसरा जेडाइट. हा दाणेदार, थोडा अधिक कठीण (६.५ ते ७), प्रामुख्याने म्यानमारच्या कचिन भागातून येणारा, आणि चीनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोकप्रिय झालेला. दोन्ही वेगळे आहेत हे १८६३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ दामूर यांनी दाखवून दिलं. चकचकीत पोपटी-हिरव्या जेडाइटला चिनीत 'फेइत्स्वे' म्हणतात, म्हणजे खंड्या पक्षी. त्याच्या पिसांवरून हे नाव पडलं.

आपल्याकडे जेड म्हटलं की हिरवंच डोळ्यांसमोर येतं. चिनी रसिकाच्या मनात पहिलं स्थान मात्र पांढऱ्या नेफ्राइटला, त्यातही 'मेंढीच्या चरबीचं जेड' म्हणतात त्याला. चरबीची उपमा आपल्याला रुचत नसेल तर थिजलेलं साजूक तूप आठवा: पांढरं, किंचित पिवळसर, आणि चमक अशी की काचेसारखी लखलखीत नाही, स्निग्ध. गडद पालकी हिरव्या नेफ्राइटच्या कुप्याही पुष्कळ आहेत, त्यांत काळे ठिपके असतात.

आता टॉर्च कुपीच्या पाठीमागे धरा. नेफ्राइट आतून ढगाळ दिसतं, पेजेत विरलेल्या शितांसारखे अस्पष्ट पुंजके दिसतात. जेडाइटमध्ये दाणे दिसतात, आणि पृष्ठभाग तिरपा केला की काही दाणे माशीच्या पंखासारखे क्षणभर चमकतात. काचेत गोल बुडबुडे सापडतात, कधी पाकात ढवळल्यासारख्या रेघा. अकीक असेल तर पट्टे. खोट्या जेडमध्ये सर्वाधिक भेटतो तो सर्पेंटाइन. चीनच्या ल्याओनिंग प्रांतातल्या श्योयेन भागाचा हा हिरवट, मेणचट, दिसायला फार गोड दगड. बाजारात तो 'नवं जेड' अशा नावाने खपतो. अ‍ॅव्हेंच्युरिन नावाचा हिरवा चमकदार क्वार्ट्‌झ तर जगभर 'इंडियन जेड' म्हणून विकला जातो. त्यात जेड काहीही नाही.

चाकूने ओरखडा काढून बघा, असं कुणी सांगेल. बघू नका. चाकूला दाद देत नाही ते सगळं जेड नसतं. क्वार्ट्‌झही देत नाही. आणि ओरखडा उमटलाच तर वस्तू दुसऱ्याची असल्यास भांडण, आपली असल्यास पश्चात्ताप. 'हाताला थंड लागतं म्हणजे जेड' हीसुद्धा दुकानदारी. काचही थंडच लागते.

तिसरी पायरी: पाण्यातलं वजन

ही चाचणी घरी करण्याजोगी आहे, आणि एकदा जमली की दुकानदाराच्या गोष्टी ऐकायची गरज उरत नाही. मात्र कुपीत जुनी तपकीर चिकटलेली असेल, भेग गेलेली असेल किंवा कुठे लाख-गोंदाची दुरुस्ती दिसत असेल तर पाण्यात घालू नका.

बूच काढलेली कुपी कोरडी असताना काट्यावर ठेवा. समजा ७१.०४ ग्रॅम भरली. आता पेल्यात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. सिरिंजने याच पेल्यातलं पाणी घेऊन कुपी काठोकाठ भरा, सिरिंजमध्ये उरलेलं पाणी पेल्यातच परत सोडा, मानेला दोरा बांधा आणि पेल्यातल्या पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत धरा. तिने ना तळाला टेकायचं ना कडेला. काटा जो आकडा दाखवेल ते दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. समजा २४.०० ग्रॅम. कोरड्या वजनाला याने भागा: ७१.०४ ÷ २४.०० = २.९६. नेफ्राइट २.९ ते ३.०३ च्या आसपास येतं, तेव्हा आकडा जुळला.

जेडाइट ३.३ च्या जवळ येतं. अकीक आणि इतर क्वार्ट्‌झ २.६ ते २.६५, संगमरवर २.७, सर्पेंटाइन साधारण २.५७.

सर्पेंटाइनचा हा आकडा माझ्या डोक्यात कायमचा बसला आहे. परदेशातल्या एका बाजारात घेतलेली माझी पहिली कुपी, दोन्ही बाजूंना ड्रॅगन, रंग कोवळ्या कैरीचा. 'जुनं खोतान जेड' असं सांगून दिलेली. घरी येऊन वजन केलं: कोरडी ५८.६ ग्रॅम, पाणी सारलं २२.८ ग्रॅम. भागाकार २.५७. हिशेब चुकला असेल म्हणून तीनदा केला. तो एकदाही चुकला नव्हता.

चूक होते ती एकाच ठिकाणी, आत अडकलेल्या हवेमुळे. नुसता एक मिलिलिटरचा बुडबुडा राहिला तर वरच्या उदाहरणात २४ ऐवजी २५ येतात, उत्तर २.८४ होतं आणि खरं नेफ्राइट खोटं ठरतं. म्हणून कुपी भरताना सिरिंजचं टोक तळापर्यंत न्या, हळूहळू भरा, टिचकी मारून खांद्याखालचे बुडबुडे वर येऊ द्या. दुसरी मर्यादा काचेची. शिसं घातलेली काच जड असते आणि तिचा आकडा जेडच्या जवळ येऊ शकतो. म्हणून टॉर्चची तपासणी आणि वजन, दोन्ही जुळायला हवीत. जास्त पैसे घालणार असाल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत न्या. तिथे वक्रीभवनांक, म्हणजे दगडात शिरताना प्रकाश किती वळतो ते, मोजतात: नेफ्राइटचा १.६१ च्या आसपास, जेडाइटचा १.६६. आम्लात धुऊन रेझिन भरलेलं किंवा रंगवलेलं जेडाइटही तिथेच पकडलं जातं. घरच्या साधनांनी ते नीट कळत नाही.

चौथी पायरी: पोकळी

आता या लेखाचं खरं कारण. पाऊण सेंटिमीटरच्या, कधी अर्ध्याच सेंटिमीटरच्या तोंडातून आतला दगड काढायचा कसा? आधी गिरमिटाने सरळ भोक पाडतात. मग वाकड्या टोकाचे लोखंडी दांडे आत घालून, वाळूचं पाणी सोडत, खांद्यांखालचा आणि कुशीतला दगड झिजवत नेतात. या कामाला 'थाओथांग' म्हणतात, म्हणजे पोट कोरणं. आत काय चाललं आहे ते कारागिराला दिसत नाही, कळतं ते हाताला आणि कानाला. भिंत एका जागी जास्त झिजली की कुपी आरपार जाते, आणि बाहेरची सगळी मेहनत मातीत. साहजिकच आळशी किंवा घाईतला कारागीर सरळ भोकावर थांबतो. बाहेरून कुपी गरगरीत, आत बोरूएवढी नळी.

हे ओळखायला टॉर्च तोंडावर टेकवून अंधारात आत प्रकाश सोडा. चांगल्या कुपीचं सगळं अंग कंदिलासारखं उजळतं, खांद्यांपासून तळापर्यंत. मधेच एक उजळ खांब आणि दोन्हीकडे अंधार दिसला तर आत फक्त नळी आहे. पालकी हिरव्या, गडद दगडात प्रकाश पोचत नाही. तिथे जाड तांब्याच्या तारेचं टोक वाकवून, त्यावर कापूस गुंडाळून हलकेच आत फिरवा, खांद्याखाली किती जागा आहे ते बोटांना कळतं.

आकड्यात हवं असेल तर पाण्याचा उपयोग पुन्हा करा. काठोकाठ भरलेली कुपी बाहेरून पुसून काट्यावर ठेवा. ७१.०४ ची कुपी ८५.०४ भरली तर आतली जागा १४ मिलिलिटर. दगडाचं आकारमान २४ आधीच मिळालं आहे. म्हणजे एकूण ३८, त्यात पोकळी १४, सदतीस टक्के. माझा ठोकताळा असा: एक-चतुर्थांशाहून कमी पोकळी असेल तर कुपी दाखवण्यासाठी किंवा विकण्यासाठी केलेली, एक-तृतीयांशाच्या वर गेली तर कारागिराला नमस्कार. खूप उठावाची नक्षी असेल तर थोडी सूट द्या, कारण तो दगड बाहेर खर्च झालेला असतो.

संग्राहक पाण्यावर तरंगणाऱ्या कुप्यांबद्दल हळू आवाजात बोलतात. अकीकाच्या अशा कुप्या आहेत. जेडच्या बाबतीत हिशेब मांडून पाहा: घनता २.९६, म्हणजे तरंगायचं तर दगड एकूण आकारमानाच्या जेमतेम ३४ टक्के हवा आणि बाकी दोन-तृतीयांश नुसती पोकळी. वाळूच्या पाण्याने, न बघता.

पातळ जेडचं वेड चिएनलुंग सम्राटाला लागलं ते हिंदुस्थानामुळे. मुघल आणि त्या वळणाची जेड भांडी शिनज्यांगमार्गे त्याच्याकडे पोचू लागली. फुलाच्या पाकळीसारख्या भिंती, ॲकँथस नावाच्या झुडपाची पानं, कमळाचे तळ. त्याने त्यांवर कित्येक कविता रचल्या, आपल्या कारागिरांपेक्षा ही मंडळी सरस आहेत असं मोकळेपणी लिहिलं, आणि 'हिंदुस्थान' हे नाव चिनीत कसं लिहावं यावर शोधनिबंधही लिहिला. दरबारी कारखान्यांत मग त्या शैलीची नक्कल सुरू झाली, कुप्यांवरही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीर आणि नूरजहानच्या नावाशी जोडलेली जेडची शस्त्रं आहेत. ती एकदा पाहिली की चिएनलुंगला काय भुरळ पडली ते कळतं.

पाचवी पायरी: तोंड, खांदे, तळ

इथे वेळ कमी लागतो. कुपी काचेवर उभी करा. ती डुगडुगता कामा नये. तळाची कड सारख्या जाडीची आणि आतल्या बाजूलाही घासलेली असावी. घाईच्या कामात तळ नुसता सपाट केलेला असतो. तोंडाची कड भिंगाखाली फिरवून बघा. टवका उडाल्यावर मान घासून बुटकी करतात, मग मान आणि अंग यांचं प्रमाण बिघडतं. तोंड अगदी काठापर्यंत मधोमध आहे का तेही पाहा.

गोटा-कुप्यांना हे नियम लावू नका. नदीतल्या गोट्याचा मूळ आकार शक्य तेवढा राखून केलेली कुपी वाकडीतिकडी असते, तिला तळ नसतोही. दगड वाया जाऊ नये हा हेतू, आणि मुठीत धरायला तोच आकार सुखाचा.

सहावी पायरी: आता नक्षी

चिनी भाषेत दोन म्हणी आहेत. 'घासल्याशिवाय जेडचं भांडं होत नाही' ही आपल्या टाकीच्या घावांची सख्खी बहीण. आणि दुसरी 'चांगलं जेड कोरू नये'. या दुसरीत बाजाराचं शहाणपण आहे. भेग, डाग, काळा ठिपका यांवर नक्षी टाकून ते लपवता येतं. म्हणून साध्या, नितळ अंगाच्या कुपीला निर्दोष दगड लागतो आणि ती कित्येकदा भरगच्च कोरलेल्या कुपीपेक्षा महाग असते. नक्षी बघताना पहिला प्रश्न हा: हे पान इथेच का आलं? पानाच्या शिरेखाली भेग दडली असेल.

दुसरं, जमीन बघा. उठावाच्या नक्षीत आकृतींमधली जी सपाट जागा उरते ती सगळीकडे एकाच खोलीवर आणि एकाच गुळगुळीतपणाची हवी. फुलाची पाकळी कोणीही करतो. दोन पाकळ्यांमधल्या कोपऱ्यातली जमीन सपाट करणं जिकिरीचं. भिंग तिथे न्या. जुन्या कामात कडा मऊ असतात, बोट फिरवलं तर कुठे टोचत नाही, कारण झिलई कोपऱ्यापर्यंत पोचवलेली असते. विजेवरच्या हिऱ्याच्या बिटांनी केलेल्या आजच्या कामात खाचांत समांतर, तीक्ष्ण ओरखडे राहतात आणि वर मात्र काचेसारखी चकाकी. अल्ट्रासोनिक यंत्राने साच्यासारखं दाबून काढलेली नक्षी त्याहून सोपी ओळखायला: खाचांच्या भिंती उभ्या सरळ, जमिनीवर सारखी बारीक खरवड, आणि शेजारच्या दुकानात तशीच दुसरी कुपी.

तिसरं, रंगाचा उपयोग. नदीतल्या गोट्याला लोहामुळे तांबूस-तपकिरी साल येते. कसबी कारागीर ती काढून टाकत नाही. तिच्यातून तो कड्यावरचा देवदार काढतो, माकड काढतो, पक्व पीच काढतो आणि खालचं पांढरं जेड आकाश होतं. या जातीच्या निसर्गचित्रांच्या कुप्यांच्या एका गटाला संग्राहकांनी 'मास्टर ऑफ द रॉक्स' असं नाव दिलं आहे. सुचौ शहर या कामाचं माहेरघर. तिथल्या चुआनचू गल्लीत जेड कारागिरांची वस्ती होती, आणि सुचौ शैलीचे कातीव, दातेरी खडक एकदा पाहिले की पुढच्या वेळी लांबून ओळखता येतात. आज पांढऱ्या स्वस्त दगडाला रासायनिक रंगाची साल चढवतात. तो रंग बारीक भेगांत साचलेला दिसतो, खऱ्या सालीत तो दगडात हळूहळू विरत जातो.

विषय वाचायला चिनी यावंच लागतं असं नाही, श्लेष कळायला हवा. वटवाघूळ आपल्याकडे अशुभ, तिथे भाग्याचं: दोन्हींचा उच्चार 'फू'. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. मासा 'यू', आणि सुबत्ताही 'यू'. घोड्यावर माकड दिसलं तर 'लवकरच सरदारकी मिळो', कारण 'घोड्यावर' आणि 'ताबडतोब' यांचा शब्द एकच, 'मा-शांग', आणि माकड व सरदार दोघंही 'हौ'. मॅगपाय पक्षी 'मेई'च्या, म्हणजे प्लमच्या फांदीवर बसला की आनंद भुवयांपर्यंत पोचतो, कारण भुवईही 'मेई'च. आपल्या पंतकवींना हा खेळ भारी आवडला असता. परीक्षेला, बढतीला, लग्नाला कुपी भेट द्यायची रीत होती, त्यामुळे नक्षीवरून ती कोणत्या प्रसंगाची हे पुष्कळदा ताडता येतं.

सातवी पायरी: बूच आणि चमचा

बूच बहुतेक वेळा मूळचं नसतं, त्यावरून कुपीचं वय ठरवू नका. पोवळं, जेडाइट, गुलाबी टूर्मलीन, काच, काहीही असतं. बघायचं ते एवढंच की बुचाचा घेर कुपीच्या ओठाशी जुळतो का आणि चमचा तळापर्यंत पोचतो का. तळाला न टेकणारा चमचा म्हणजे बूच दुसऱ्या कुपीचं. चमचा हस्तिदंताचा किंवा कासवाच्या पाठीचा असेल तर मात्र सावध व्हा. भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, देशांतर्गत आणि आयात दोन्ही. एका काडीएवढ्या चमच्यापायी सगळी कुपी कस्टममध्ये अडकू शकते. विकणाऱ्याला चमचा बदलून बांबूचा किंवा चांदीचा लावायला सांगा.

आठवी पायरी: वय आणि खरेदी

तळावर 'चिएनलुंग काळात बनवलेली' असा चार अक्षरी शिक्का असला म्हणून भुलू नका. अक्षरं नंतर कोरायला अर्धा दिवस पुरतो, आणि जेडच्या अस्सल जुन्या कुप्यांपैकी बहुसंख्य शिक्क्याशिवायच्या आहेत. १९११ मध्ये चिंग राजवट कोसळली, सिगारेट आली, तपकीर मागे पडली. कुप्या मात्र बनत राहिल्या, परदेशी ग्राहकांसाठी. बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच कुप्यांत कधीच तपकीर भरली गेली नाही. त्यात लबाडी काही नाही, विसाव्या शतकातली चांगली कुपीही चांगलीच असते. किंमत तेवढी त्या शतकाची द्या.

आतून चित्र काढलेल्या कुप्याही लोक जेडच्या म्हणून दाखवतात. ते काम पारदर्शक काचेचं किंवा स्फटिकाचं असतं. जेडमधून उजेड झिरपतो, पण आरपार दिसत नाही, त्यात आतून काढलेलं चित्र दिसणार कुठून?

चीनमध्ये फिरायला गेलात आणि बीजिंगच्या फानज्यायुआन बाजारात कुणी 'अस्सल चिंग' कुपी पुढे केली तर दोनच शक्यता आहेत. चीनच्या नियमांनुसार १९११ पूर्वीच्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा ती खोटी तरी आहे किंवा खरी असून तुम्हाला विमानतळावर अडकवणारी आहे. लंडन, हाँगकाँगच्या लिलावांतून घ्यायची तर कॅटलॉगमधली मालकीची साखळी वाचा: कुपी कोणाच्या संग्रहात होती, आधी कधी विकली गेली. भारतात आणताना बीजकावर वय स्पष्ट लिहून घ्या आणि ती कागदपत्रं कायम जपा. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरील कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. उद्या मुलाकडे अमेरिकेला पाठवायची म्हटलं तर ती इथे बाहेरून आली होती हे सिद्ध करणारा कागद तुमच्याकडे हवा, आणि पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करूनच पुढे जा.

खरेदीआधी डोळा तयार करायचा तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं चिनी-जपानी दालन आहे. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांमुळे ते उभं राहिलं. काचेपलीकडून वजन करता येत नाही, पण झिलई कशी दिसते ते तिथे शिकता येतं. तासभर फक्त चमक बघा.

घरी आणल्यावर

कोरड्या फडक्याने जेड पुसू नका. घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, कठीणपणा ७, म्हणजे नेफ्राइटपेक्षा जास्त. रोज प्रेमाने पुसलेल्या कुपीची झिलई हळूहळू मंदावते. आधी धूळ मऊ कुंचल्याने झटका, मग कोमट पाण्यात ओला केलेला जुना सुती कपडा फिरवा. तेल, मेण, व्हॅसलिन काही लावायचं नाही, ते खाचांत साचून काळं पडतं. कोकण किंवा मुंबईच्या पावसाळ्यात कॉर्क फुगून तोंडात घट्ट बसतो, आणि पिळून काढताना मानेला तडा जातो. जून लागला की बूच सैल करून ठेवावं.

मंगोलियात कुपीचा वापर अजून जिवंत आहे. तिथे तिला 'खोरोग' म्हणतात, आणि पाहुणा आला की यजमान बूच किंचित सैल करून कुपी उजव्या हाताने पुढे करतो. पाहुण्याने ती घ्यायची, तपकीर ओढायची किंवा नुसता वास घ्यायचा, आणि परत द्यायची. बूच सैल ठेवणं हे तिथे सौजन्य आहे.

जुन्या कुपीच्या आत, खांद्याखाली, कधी तपकिरी भुकटीचा पातळ थर चिकटलेला सापडतो. धुऊन टाकू नका. शिक्का खोटा कोरता येतो, सालीचा रंग खोटा चढवता येतो, पण हा थर सांगतो की ही कुपी कुणाच्या तरी बाहीत, कुणाच्या तरी कमरेच्या पिशवीत खरोखर फिरली होती. बूच काढल्याबरोबर नाक जवळ न्या. दीडशे वर्षांनंतरही कधीकधी शिंक येते.